गेरूवर पांढरी रेघ

रिअ‍ॅक्टिव्ह शाईच्या (सुती धाग्याशी रासायनिक बंध करणाऱ्या शाईच्या) संचात पांढरी शाई नसते. सुती कापडावरच्या डिजिटल छपाईत जे पांढरं दिसतं, ते न छापलेलं कापड असतं. वारली चित्रांच्या कापडाची ऑर्डर आली की या एका गोष्टीची खरी किंमत कळते. भिंतीवर आधी गेरू सारवतात आणि त्यावर तांदळाच्या पिठाने पांढरी रेघ ओढतात. कापडावर सगळं उलटं. रेघेची जागा सोडायची आणि भोवती सगळीकडे गेरू छापायचा. त्यामुळे रेघेवर चहूबाजूंनी हल्ला होतो: छापताना शाई आत सरकते, वाफेत रंग पसरतो आणि धुताना सुटलेला रंग येऊन नेमका तिच्यावरच बसतो. वारली चित्रातल्या तारपा नाचाची अख्खी साखळी गुलाबी होऊन आली की सगळे प्रिंटरकडे बोट दाखवतात. चूक मात्र बहुतेक वेळा त्याच्या आधी झालेली असते, नाहीतर नंतर. म्हणून या लेखात मशीनला फार जागा दिलेली नाही.

एक आधीच सांगितलेलं बरं. एकाच नक्षीचं तीनशे मीटर कापड हवं असेल तर डिजिटलच्या नादी लागू नका. गेरू रंगात रंगवलेलं कापड घ्या आणि स्क्रीनने त्यावर पांढरं पिगमेंट मारा, किंवा कापड हाताला मऊ लागायला हवं असेल तर डिस्चार्ज छपाई (रंगवलेल्या कापडातला रंग रेघेपुरता काढून टाकणारी) करून घ्या. एक स्क्रीन, एक रंग, काम स्वस्तात होतं आणि रेघही खणखणीत येते. डिजिटलची गरज पडते ती दहा-वीस मीटरच्या कामाला, प्रत्येक कुर्त्यावर वेगळं चित्र हवं असेल तेव्हा, किंवा नक्षी इतकी मोठी असेल की रोटरी (फिरत्या नळकांड्याच्या) स्क्रीनच्या ६४ सेंटिमीटरच्या घेरात ती मावत नाही तेव्हा.

शाईची निवड कापडावरून होते, बजेटवरून नाही. सुरतेहून येणाऱ्या डिजिटल साड्या बहुतांश पॉलिएस्टरच्या असतात. त्यावर सब्लिमेशन चालतं: कागदावर उलटी प्रतिमा छापायची आणि २०० अंशांच्या आसपास ३०–४० सेकंद दाबायची. हा रंग वाफ होऊन पॉलिएस्टरच्या धाग्यात शिरतो. सुती धाग्यात त्याला जागाच नाही, त्यामुळे दाबल्यावर छान दिसतं आणि धुतलं की निघून जातं. पिगमेंट शाई कुठल्याही कापडावर चालते. वाफ नको, धुणं नको, १५० अंशांवर तीन-चार मिनिटं भाजलं की काम झालं. पण पिगमेंट बाइंडरच्या जोरावर कापडाला वरून चिकटलेलं असतं. पांढऱ्या कापडावर चार फुलं असतील तर उत्तम. पूर्ण भरलेला गेरू असेल तर कापड कडक होतं आणि काखेत, कॉलरवर घासून फिकं पडतं. अशा भरलेल्या जमिनीला, म्हणजे नक्षीमागच्या रंगाला, रिअ‍ॅक्टिव्हच हवी. ब्रिटनच्या आयसीआय कंपनीने १९५६ साली बाजारात आणलेले हे रंग कापसाच्या सेल्युलोजशी रासायनिक बंध करतात, म्हणजे धाग्याचाच भाग होतात. मात्र हा बंध जुळायला अल्कली, ओलावा आणि उष्णता तिन्ही लागतात, आणि तीही योग्य वेळी.

आता कापड. गिऱ्हाईक ‘कॉटन’ म्हणून जे आणून देतं त्यातलं निम्मं कॉटन नसतं, असं धरूनच चाला. उभा एक धागा आणि आडवा एक धागा काढून वेगवेगळे जाळा. दोन्ही का, तर मिश्र कापडात बऱ्याचदा ताणा एकाचा आणि बाणा दुसऱ्याचा असतो. कापूस कागदासारखा जळतो, वास कागदाचा आणि मागे मऊ राख. पॉलिएस्टर वितळतं, काळा धूर सोडतं आणि थंड झाल्यावर टोकाला कडक मणी राहतो. रेयॉनही कापसासारखंच जळतं. त्यावर रिअ‍ॅक्टिव्ह चालते, पण त्याचं गणित थोडं वेगळं. ते पुढे येईल.

कुर्त्यासाठी ११० ते १२० जीएसएमचं (चौरस मीटरला इतके ग्रॅम भरणारं) केंब्रिक किंवा पॉपलिन घ्या आणि ‘आरएफडी’ मागा. म्हणजे खळ काढलेलं, उकळलेलं, ब्लीच केलेलं आणि टिनोपाल न मारलेलं. विकणारा ‘आरएफडीच आहे’ म्हणतो, तेव्हा तीन तपासण्या पाच मिनिटांत होतात. पाण्याचा एक थेंब कापडावर सोडा. पाच सेकंदांच्या आत तो जिरला पाहिजे. मोत्यासारखा बसून राहिला तर कापड नीट उकळलेलं नाही. मग पातळ आयोडीनचा थेंब टाका; निळा-जांभळा डाग पडला तर खळ शिल्लक आहे आणि त्या जागी रंग कमी लागणार. तिसरं, नोटा तपासायचा जांभळा दिवा अंधारात कापडावर धरा. कापड निळसर चमकलं तर त्यात टिनोपालसारखा ऑप्टिकल ब्राइटनर आहे. अशा कापडावर पांढरी रेघ सुरुवातीला चकचकीत दिसते आणि धुलाईगणिक पिवळसर होत जाते. फिके रंगही चार्टशी जुळत नाहीत. ही तपासणी ताग्याच्या दोन्ही टोकांना करा. एकाच ताग्यात दोन वेगळी टोकं जोडलेली निघतात.

आणि पन्ह्यावर आडवा धागा सरळ आहे का, तेही बघा. चौकोनी नक्षी असेल आणि बाणा धनुष्यासारखा वाकलेला असेल, तर छपाई कितीही सरळ झाली तरी शिवलेल्या कुर्त्याची खालची पट्टी वाकडीच दिसते.

आता प्रीट्रीटमेंट, म्हणजे छापण्याआधी कापडावर करायची प्रक्रिया. खरं काम इथे आहे, म्हणून इथे जरा थांबू.

स्क्रीन छपाईत रंग, सोडा, युरिया आणि घट्टपणा देणारी पेस्ट एकाच डब्यात असतात. प्रिंटरच्या शाईत हे चालत नाही. शाईत अल्कली घातली तर रंग बाटलीतच पाण्याशी बंध करून मरतो, आणि पेस्ट घातली तर केसाहून बारीक नोझल तुंबतात. म्हणून रंग शाईत ठेवायचा आणि बाकी सगळं आधीच कापडात भरून वाळवायचं. एक किलो द्रावणासाठी सुती कापडाला बरं चालणारं माप असं: युरिया १०० ग्रॅम, खाण्याचा सोडा २५ ग्रॅम, सोडियम अल्जिनेट कोरडं ७ ते ८ ग्रॅम, रेझिस्ट सॉल्ट १० ग्रॅम, बाकी पाणी. रेयॉनला युरिया १५० ते २०० ग्रॅमपर्यंत न्यावा लागतो, कारण त्याचा धागा वाफेत पुरेसा फुगावा लागतो.

प्रत्येकाचं काम वेगळं आहे आणि ते माहीत असलं की बिघाड शोधणं सोपं जातं. अल्जिनेट शाईला जागच्या जागी धरून ठेवतं. ते कमी पडलं की रेघ बुजते. त्याऐवजी स्टार्च किंवा ग्वार का नाही? कारण रिअ‍ॅक्टिव्ह रंग त्यांच्याशीही बंध करतो. मग तो रंग पेस्टीबरोबर धुऊन जातो आणि उरलेली पेस्ट कापड कडक करते. सागरी शैवालातून येणारं अल्जिनेट या रंगाला जवळ येऊ देत नाही. युरिया वाफेतला ओलावा धरतो आणि रंग विरघळवून धाग्यात शिरायला मदत करतो. खाण्याचा सोडा थंड असताना सौम्य असतो. वाफेत त्यातून कार्बन डायऑक्साइड निघून जातो, मागे धुण्याचा सोडा उरतो आणि अल्कली नेमकी हवी तेव्हा वाढते. थेट धुण्याचा सोडा वापरला तर रंग लागतो, पण तयार कापड टिकत नाही, पिवळं पडतं. रेझिस्ट सॉल्ट वाफेत रंगाचं क्षपण होऊन तो फिका पडू देत नाही.

युरियाबद्दल एक टीप. शेतीच्या गोणीतला अनुदानित युरिया इथे वापरायचा नाही. एकतर तो उद्योगाला वापरणं बेकायदा आहे, आणि दुसरं म्हणजे २०१५ पासून देशात तयार होणारा सगळा शेती-युरिया कडुनिंबाचं तेल लावूनच येतो. ते तेल तुम्हाला कापडात नको आहे. टेक्निकल ग्रेडचा पांढरा युरिया मागा.

अल्जिनेट एकदम पाण्यात ओतलं की माशाच्या डोळ्यांसारख्या गाठी होतात: बाहेरून चिकट, आत कोरडी पूड. वेगाने फिरणाऱ्या पाण्यात चिमटीने भुरभुरत सोडा, अर्धा तास ढवळा, रात्रभर फुगू द्या आणि सकाळी नायलॉनच्या जाळीतून गाळा. बोअरचं पाणी असेल तर त्यातल्या कॅल्शियममुळे अल्जिनेटचा दह्यासारखा चोथा होतो. लिटरला चार-पाच ग्रॅम सोडियम हेक्झामेटाफॉस्फेट आधी विरघळवून घ्या, नाहीतर सरळ आरओचं पाणी वापरा. युरिया टाकला की बादली हाताला गार लागते. युरिया विरघळताना उष्णता शोषतो, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. पण गार पाण्यात सोडा हळू विरघळतो, म्हणून थोडं थांबा. सोडा सगळ्यात शेवटी, आणि पाणी तापवायचं नाही.

किती लागेल? १२० जीएसएमचं, ४४ इंच पन्ह्याचं दहा मीटर कापड १० × १.१२ × १२० म्हणजे १,३४४ ग्रॅम भरतं. मँगलच्या (कापड पिळणाऱ्या यंत्राच्या) रुळांमधून पिळून निघाल्यावर ७५ टक्के द्रावण धरलं, तर साधारण एक किलो. म्हणजे दहा मीटरला एक किलो, वर ट्रफ (कापड बुडवायचं पात्र) भरण्यापुरतं वेगळं. ७५ टक्के ठरवायचे कसे? शंभर ग्रॅमचा कोरडा तुकडा मँगलमधून काढून लगेच वजन करा. १७५ यायला हवं. डावीकडे, मध्ये आणि उजवीकडे तीन तुकडे घाला. तिघांच्या वजनात चार-पाच ग्रॅमहून जास्त फरक दिसला तर रुळांचा दाब एकसारखा नाही, आणि गेरूची जमीन एका काठाला गडद, दुसऱ्या काठाला फिकी येणार. मँगल नाही म्हणून बादलीत बुडवून हाताने पिळायचा मोह होतो. फुलाफुलांच्या नक्षीत ते कदाचित खपून जाईल, सपाट गेरूत पिळ्याचा प्रत्येक पीळ ढगासारखा उमटतो.

वाळवताना १०० अंशांच्या वर जाऊ नका. जास्त तापलं तर सोडा आधीच फुटतो आणि कापड छापण्याआधीच पिवळट होतं. कापड कडकडीत कोरडं करायचं, पण भाजायचं नाही. मग काळ्या प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवा आणि दोन-तीन आठवड्यांत वापरा. युरिया हवेतलं पाणी ओढतो. भिवंडी किंवा मुंबईत पावसाळ्यात उघडा ठेवलेला ताग्याचा काठ हाताला दमट लागतो, आणि त्या काठाकडच्या रेघा हमखास बुजतात. गणपतीच्या आधीची पथकांच्या कुर्त्यांची गर्दी नेमकी याच दिवसांत असते. त्या काळात छपाईच्या खोलीत डीह्युमिडिफायर लावून आर्द्रता ५०–६० टक्क्यांवर ठेवणं ही चैन नाही. सोलापूर-नागपूरकडे एप्रिल-मेमध्ये उलट रडगाणं. हवा इतकी कोरडी होते की नोझलच्या तोंडावर शाई सुकते आणि कापडात स्थिर वीज साठून शाईचे तुषार इकडेतिकडे उडतात. तिथे पाणी फवारणारा ह्युमिडिफायर लागतो.

फाइल करताना वारलीला तीन गोष्टी सांभाळायच्या. पहिली, पांढऱ्या रेघेची जाडी. गडद जमिनीत सोडलेली अर्ध्या मिलिमीटरची रेघ कापडावर जवळजवळ मिटते, कारण दोन्ही बाजूंनी शाई थोडी आत येते. छापून १ मिलिमीटर दिसावी असं वाटत असेल तर फाइलमध्ये १.२ ते १.४ धरा. नेमका आकडा त्याच कापडावर ०.६ पासून २ मिलिमीटरपर्यंतच्या रेघांची पट्टी छापून, वाफवून, धुऊन ठरवा. हाताच्या बोटांची, झाडाच्या काटक्यांची टोकं सगळ्यात आधी जातात. ती वेगळी जाड करावी लागतात. दुसरी, जमीन. एकसारखा सपाट तपकिरी हा डिजिटलचा सगळ्यात अवघड रंग. एक नोझल बंद पडली तरी पट्टा दिसतो. गेरूत अगदी हलका, चार-पाच टक्क्यांचा खालीवर पोत टाका, सारवलेल्या भिंतीला असतो तसा. पट्टे त्यात लपतात, आणि चित्राला तो शोभतोही. तिसरी, तो तपकिरी कशातून बनतो हे बघा. पिवळा आणि मॅजेन्टा यांना दबवायला सायन वापरण्याऐवजी काळा किंवा करडा जास्त वापरणारी प्रोफाइल (कोणती शाई किती हे ठरवणारी फाइल) निवडा. सायनमधला फिरोजी रंगाचा रेणू मोठा असतो, तो हळू लागतो आणि शिल्लक राहिलेला धुऊन काढताना जीव खातो.

रेझोल्यूशनचा बाऊ फार होतो. प्रत्यक्ष मापाला १५० डीपीआय (इंचाला १५० ठिपके) पुरेसं आहे. बारीक रेघांना २००. साडेपाच मीटरची, ४५ इंच पन्ह्याची साडी १५० डीपीआयला ३२,४८० × ६,७५० पिक्सेल होते, म्हणजे आरजीबीत साधारण ६५८ एमबी. ३०० केलं की चौपट, आणि कापडावर फरक भिंगातून शोधावा लागतो. मोबाइलवरून आलेलं जेपीईजी मोठं करून ३०० ‘केलं’ तर काहीच मिळत नाही. वारली रेघा व्हेक्टरमध्ये (कितीही मोठं केलं तरी न फाटणाऱ्या रूपात) पुन्हा ओढून घेणं हाच मार्ग. चित्र कुणा वारली कलाकाराचं असेल तर त्यांची परवानगी आणि त्यांचे पैसे ही बाब फाइल उघडण्याआधीची आहे.

आटण्याचा हिशेबही फाइलमध्येच करायचा. कापडावर ५० सेंटिमीटरचा चौकोन पक्क्या पेनाने आखा आणि पूर्ण प्रक्रियेतून काढून मोजा. लांबीत ४८ उरला तर ४ टक्के आटलं. मग लांबी ०.९६ ने भागायची: साडेपाच मीटर हवी असेल तर ५.७३ मीटर छापा. नुसते ४ टक्के वाढवले तरी ५.७२ येतात, फरक किरकोळ. पण रेयॉन ८ टक्के आटलं तर ५.९८ ऐवजी ५.९४ छापून जवळपास चार सेंटिमीटर कमी पडतात. उभ्या-आडव्याचं आटणं वेगळं असतं, म्हणून वर्तुळात नाचणारी माणसं लंबगोलात जाऊ नयेत यासाठी दोन्ही मापं वेगवेगळी टाका.

मशीनवर सकाळी नोझल चेक, मग त्याच कापडावर एक फूट चाचणी. पट्ट्यांचं निदान सोपं आहे. ठरावीक अंतराने बारीक पांढरी फट दिसली तर कापड प्रत्येक फेरीला जरा जास्त पुढे सरकतंय, गडद रेघ दिसली तर कमी. अंतर ठरावीक नसेल आणि एकच रंग गायब असेल तर नोझल. हेड (नोझल असलेला भाग) आणि कापड यांच्यात दोन-तीन मिलिमीटर अंतर ठेवा आणि सुरकुती, उचललेला काठ, सुटा धागा यांच्यावर नजर ठेवा. हेड एकदा घासला की दुरुस्तीचा खर्च ऑर्डरच्या किमतीहून मोठा असतो. मशीनमधून निघालेला गेरू मळकट, मेलेला दिसतो. त्यावर रंग दुरुस्त करायला बसू नका. खरा रंग धुतल्यावरच दिसतो, म्हणून रंगाचा चार्टही धुतलेलाच हवा, आणि गिऱ्हाइकाने मोबाइलच्या स्क्रीनऐवजी त्या चार्टवर बोट ठेवायला हवं.

छापलेलं कापड पूर्ण सुकवून वाफेत. सलग चालणाऱ्या स्टीमरमध्ये १०२ अंशांची संपृक्त वाफ ८ ते १० मिनिटं. लहान पेटी-स्टीमर असेल तर कापडाचे पदर एकमेकांना लागू नयेत म्हणून मध्ये कोरं कापड किंवा छपाई नसलेला कागद घालून सैल गुंडाळी करा आणि २० ते ३० मिनिटं द्या. स्टीमर आधी रिकामाच तापवा. थंड भिंतीवर, झाकणावर वाफेचं पाणी होतं, आणि वरून पडलेला एक थेंब गेरूत रुपयाएवढा डाग आणि शेजारच्या चार रेघांचा बळी घेतो. झाकणाखाली घोंगडी किंवा फेल्ट ताणून लावा. रंग सगळीकडे फिका आला तर वाफ कोरडी होती किंवा वेळ कमी पडला; रेघा सगळीकडे सुजल्या तर वाफ फार ओली किंवा युरिया जास्त.

आता धुणं. शाईतला सगळा रंग धाग्याला लागत नाही. वीस-तीस टक्के तसाच राहतो आणि तो पूर्ण काढावा लागतो. पहिलं पाणी थंडच, आणि वाहतं. कापडात अजून सोडा आहे. गरम पाणी, सोडा आणि सुटलेला जिवंत रंग एकत्र आले की पांढऱ्या रेघेची पुन्हा रंगाई सुरू होते, आणि ती गुलाबी मग कशानेही जात नाही. दहा मिनिटं वाहत्या थंड पाण्यात, पाणी बदलून पुन्हा थंड, मग ६० अंशांवर पाच मिनिटं. त्यानंतर ९५ अंशांवर, लिटरला एक-दोन ग्रॅम नॉन-आयॉनिक सोपिंग एजंट घालून दहा मिनिटं. गडद गेरूला हे साबणपाणी दोनदा. मग ८० अंशांचं साधं पाणी आणि शेवटी थंड. प्रत्येक टप्प्याला कापडाच्या वजनाच्या वीसपट पाणी धरा; पाण्यात काटकसर केली की ती रेघेवर दिसते. आणि मधल्या कुठल्याही टप्प्यावर चहाला जाताना ओलं कापड गोळा करून ठेवू नका. गेरूचा भाग पांढऱ्यावर टेकून दहा मिनिटं राहिला तरी छाप उमटते. हे पाणी गटारात सोडता येत नाही. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती आणि सांडपाण्यावर प्रक्रिया यांचा खर्च धरूनच दर काढावा लागतो. लहान स्टुडिओंना वाफ आणि धुणं जॉबवर्कला देणं परवडतं, त्याचं मोठं कारण हेच.

माल देण्याआधी घरगुती इस्त्रीने होणारी एक चाचणी करा. पांढऱ्या सुती रुमालाचा तुकडा ओला करून पिळा, गेरूच्या सगळ्यात गडद भागावर ठेवा आणि कापसाच्या सेटिंगला तापलेली इस्त्री रुमाल सुकेपर्यंत दाबा. रुमालावर काही उमटलं नाही तर धुणं झालं. फिकट विटकरी छटा आली तर कापड परत ९५ अंशांच्या साबणात. मोठी ऑर्डर असेल किंवा माल बाहेर जायचा असेल तर घाटकोपरच्या बीटीआरए (बॉम्बे टेक्स्टाइल रिसर्च असोसिएशन) प्रयोगशाळेसारख्या ठिकाणाहून धुण्याचा आणि घासण्याचा रंगपक्केपणा तपासून लेखी घ्या. पाचपैकी चारच्या खाली आलेला धुण्याचा आकडा स्वीकारू नका. ओल्या घासण्याचा आकडा गडद रंगांना तीनच्या आसपास येतो, त्यासाठी छापणाऱ्याशी भांडण्यात अर्थ नाही. तुकड्याची एक पट्टी, द्रावणाचं माप आणि वाफेचा वेळ लिहून फाइलला टाचून ठेवा. तीन महिन्यांनी तोच गेरू पुन्हा मागितला जातो.